अनुभव धागा: मेथडने छापायचं की परत द्यायचं? (रुबी शिकताना, शिकवताना)

नवीन मुलांना रुबी ही प्रोग्रामिंग भाषा शिकवताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो पुट्स (स्क्रीनवर छापणं) आणि रिटर्न (किंमत परत देणं) यांच्यातल्या फरकात, लूप नाही, क्लास नाही, हेच. म्हणून धागा काढलाय. शिकताना, शिकवताना, ऑफिसात दुसऱ्याचा कोड वाचताना जे बघितलंत ते लिहा, जमलं तर नेमकी ओळ सांगा. सुरुवात मी करते.

माझ्या बॅचला मी खानावळीचं बिल काढायला देते. बिल नावाची मेथड (नाव दिलेला कोडचा तुकडा), आत एकच ओळ, पुट्स दर * नग. ८० रुपयांच्या ३ थाळ्या, स्क्रीनवर २४० येतात, मुलं खूश. मग म्हणते आता यात पार्सलचे ३० मिळवा. ती बिल(८०, ३) + ३० लिहितात आणि २४० छापून झाल्यावर खाली नोमेथडएरर, निलकडे (म्हणजे रुबीतलं 'काहीच नाही') + नावाची मेथडच नाही. "मॅडम, वर २४० आले ना पण!" आले, पण स्क्रीनवर. पुट्स स्वतः निल परत देतं आणि मेथडमधे शेवटी जे चालतं त्याचीच किंमत मेथड देते, मग हातात निलच येणार. दुकानदाराने सुट्टे किती ते नुसतं सांगितलं म्हणून पैसे खिशात येत नाहीत ना, तसंच. पुट्स तेवढं काढायचं, रिटर्न लिहायचीही गरज नाही.

—

गोंधळ आयआरबीमुळे (रुबीची ओळ लिहून लगेच चालवून बघायची सोय) वाढतो असं माझं ठाम मत आहे. तिथे काहीही लिहा, बाणापुढे किंमत दिसतेच, त्यामुळे छापणारी आणि परत देणारी मेथड दोन्ही सारख्याच वाटतात. मी भावाला बाणाकडे बघायची सवय लावली. पुट्सवाल्या मेथडला आधी २४० आणि खाली बाणापुढे निल, दुसरीला थेट बाणापुढे २४०. तेवढ्यावर त्याला समजलं, लेक्चर द्यावं लागलं नाही.

—

पी विसरू नका! पी छापतं पण आणि दिलेली वस्तू परत पण देतं. आमच्या टीममधे एका मेथडची शेवटची ओळ पी होती, सगळं नीट चालू होतं, मग कोणीतरी आउटपुट सुबक दिसावं म्हणून तिथे पुट्स केलं आणि तीन फायली पलीकडे निल निघाला, शोधण्यात दुपार गेली. मधेच काय चाललंय ते बघायचं असेल तर टॅप वापरा, ब्लॉकमधे खुशाल पुट्स करा, टॅप मूळ वस्तूच पुढे देतो.

—

रेल्सवाल्यांसाठी (रेल्स म्हणजे रुबीत वेबसाइट बनवायची चौकट). इंटर्न मुलगी व्ह्यूमधे (पानाच्या साच्यात) पुट्स लिहून पान रिफ्रेश करत बसली होती, पान कोरं. सर्व्हर चालू होता त्या टर्मिनलमधे तिची नावं ओळीने छापली जात होती, कारण पुट्स स्टँडर्ड आउटपुटला लिहितं, पानाला नाही. पानावर यायला = चिन्हाचा ईआरबी टॅग (साच्यात रुबी लिहायची खूण) लागतो, आणि तो आतल्या एक्सप्रेशनची किंमतच घेतो. म्हणजे परत देणं इथेही सुटत नाही.

—

मी पायथनवरून आलो. तिथे रिटर्न नाही तर नन (तिथलं निल), सरळ हिशोब. रुबीत सगळीकडे रिटर्न लिहायचो, चालतं, पण सीनियर ताईंनी रिव्ह्यूमधे सांगितलं की मधूनच बाहेर पडायचं असेल तिथेच लिही. आता तसंच करतो आणि वाचायला खरंच बरं पडतं. एक मात्र सांभाळा, शेवटी एल्स नसलेला इफ असेल आणि अट खोटी निघाली तर मेथड गुपचूप निल देते.

—

ईच (ॲरे म्हणजे यादीतल्या एकेका वस्तूवर फिरणारी मेथड) पण याच घरातलं. ईचच्या आत पुट्स करून किमती दुप्पट छापल्या आणि तीच मेथडची शेवटची ओळ असेल, तर परत येतो मूळ ॲरे, दुप्पट केलेला नाही. निल नाही म्हणून एरर येत नाही, आकडे मात्र चुकीचे, आणि हे मला जास्त धोक्याचं वाटतं. दुप्पट केलेला हवा तर मॅप, तो बदललेल्या किमतींचा नवा ॲरे देतो.

—

टेस्ट लिहायला लावा, पहिल्याच आठवड्यात. आरस्पेक (रुबीत टेस्ट लिहायचं साधन) "२४० हवे होते, निल मिळालं" असं तोंडावर सांगतं. छापलेलं तपासायला आउटपुट मॅचर आहे, टू एसटीडीआउट जोडून, पण मेथडचा कॉल ब्लॉकमधे गुंडाळा, शेवटचा न्यूलाइनसुद्धा जुळवा, एवढी खटपट केली की मुलं स्वतःच विचारतात, हिशोब वेगळ्या मेथडमधे काढू का? काढा म्हणायचं आणि पुट्स बाहेर एकाच जागी ठेवायला सांगायचं.