पहिलं रेकॉर्ड कोणी ऐकलंच नाही, तर ठेवायचं की उडवायचं?

ऑक्टोपॅडवाला

नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या नंदनवनचा. दिवसा बर्डीवर मोबाइल रिपेअरिंग, अन् लग्नसराईत एका धुमाल ग्रुपमध्ये, म्हणजे वरातीच्या गाडीवरच्या बँडमध्ये, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवतो.

मागच्या आठवड्यात कामठीची वरात आटपून परत येत होतो. रात्रीचा दीड. कीबोर्डवाला बेसच्या डब्याला टेकून घोरत होता, मी केबल गुंडाळत बसलो होतो, कानात हेडफोन. डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीचं ‘डा फंक’ माझं पाठ आहे, पण त्यांचं सगळ्यात पहिलं रेकॉर्ड कधी ऐकलं नव्हतं. १९९४ चं, ‘द न्यू वेव्ह’. लावलं. खरं सांगतो, मजा नाही आली. नुसती कचकच, एकच चक्कर फिरून रायली, जसं काही दळण संपलं तरी चक्की बंद करायला कोणी येत नाही. मग त्याच रेकॉर्डवरचं ‘अलाइव्ह’ लागलं अन् हातातली केबल तशीच राहिली. माल तोच, पण अर्धा काढून टाकलेला. किकला, म्हणजे ड्रमच्या जाड ठोक्याला, श्वास घ्यायला जागा.

तर पहिला प्रश्न. हे निघालं तेव्हा लोकांनी काय म्हटलं? की काहीच म्हटलं नाही?

दुसरा प्रश्न माझा. मीही एफएल स्टुडिओवर (कॉम्प्युटरवर गाणी बनवायचं सॉफ्टवेअर) एक ट्रॅक केला, वरून स्वतःचं पॅड वाजवून टाकलं. यूट्यूबवर चढवून दीड महिना झाला. १६३ व्ह्यूज, त्यातले तीसेक माझेच. कमेंट एकच: ‘कूलरची मोटर जाम झाली का बे?’ उडवून टाकू का? (‘तेच नाव ठेव ट्रॅकला’ असं कृपया सांगू नका. ग्रुपमधल्या चौघांनी सांगून झालंय, प्रत्येकाला वाटते आपल्यालाच सुचलं.)

खामल्याचा बोका

भाऊ, तुमच्या कूलरचं अन् त्यांच्या नावाचं खानदान एकच आहे.

थॉमा बांगाल्तेर आणि गी-मानुएल द ओमें-क्रिस्तो, दोघं पॅरिसच्या शाळेतले दोस्त. आधी त्यांचा गिटारवाला बँड होता, ‘डार्लिन’. तिसरा मेंबर लोरां ब्रँकोवित्झ, तो पुढे ‘फीनिक्स’ बँडमध्ये गेला. त्या बँडच्या गाण्यांवर इंग्लंडच्या ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकाने लिहिलं की हा येडपट पंकछाप धिंगाणा आहे. त्यातले ‘डाफ्ट’ आणि ‘पंक’ हे दोन शब्द यांनी उचलले. बँड मोडला, शिवी ठेवली.

१९९३ मध्ये पॅरिसजवळच्या युरो डिस्नेत एक रेव्ह, म्हणजे रात्रभर नाचायची पार्टी, होती. तिथे ग्लासगोच्या ‘सोमा’ या रेकॉर्ड कंपनीचा स्टुअर्ट मॅकमिलन भेटला, त्याच्या हातात डेमोची कॅसेट दिली. त्यातून ‘द न्यू वेव्ह’ निघालं. थोड्याच प्रती. गाजावाजा नाही. १९९५ ला ‘डा फंक’ आलं, ते सुद्धा फक्त २,००० प्रती, आणि तेही सुरुवातीला तसंच पडून होतं. केमिकल ब्रदर्स या इंग्लंडच्या डीजे जोडीने ते आपल्या कार्यक्रमात वाजवायला सुरुवात केली तेव्हा हवा बदलली. १९९६ ला व्हर्जिन कंपनीशी करार, जानेवारी १९९७ मध्ये ‘होमवर्क’ अल्बम, आणि तेच जुनं ‘डा फंक’ ब्रिटनच्या यादीत सातव्या नंबरावर.

‘अलाइव्ह’ सुद्धा त्या अल्बमवर आहे. म्हणजे १९९४ चा माल १९९७ ला परत ताटात. ‘न्यू वेव्ह’ मात्र नाही घेतलं. तुमचे कान बरोबर आहेत.

इतवारीचे काका

१९९७ च्या सुमारास केबलवर ‘डा फंक’चा व्हिडिओ पाहिला होता. कुत्र्याचं तोंड, पायाला प्लास्टर, काखेत कुबडी, हातात टेपरेकॉर्डर, आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लंगडत चाललाय. आमच्या वडिलांनी विचारलं, याला वाजवायला सांगितलं कोणी?

पण एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. बांगाल्तेरचे वडील दानिएल वांगार्द स्वतः मोठे निर्माते. डिस्कोच्या काळात ओटावानचं ते गाजलेलं ‘डी.आय.एस.सी.ओ.’ त्यांचंच. हा धंदा कसा चालतो हे पोराला घरीच कळत होतं. पहिलं रेकॉर्ड पडलं तरी बापाच्या घरातली खोली पडत नाही, यंत्रं विकावी लागत नाहीत. नंदनवनच्या पोराने त्यांच्याशी बरोबरी करताना हे हिशोबात धरावं.

नाहीतर आपलेच हिंदी सिनेमाचे वादक चरणजित सिंग बघा. १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर, एचएमव्हीची रेकॉर्ड, त्यात रोलंड कंपनीचं टीबी-३०३, बेसचे सूर काढणारं यंत्र. ‘डा फंक’मध्ये जी बारीक यंत्रं किंचाळतात त्यातलं हेच एक. तेव्हा कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये एका डच लेबलने परत काढली तेव्हा जग म्हणे, अरे! अठ्ठावीस वर्षं. तोवर माणूस लग्नाचे कार्यक्रम करत जगतो.

ऑक्टोपॅडवाला

काका, राग कशाचा. जनरेटरचं डिझेल मीही मोजतोच ना बाप्पा. पण मला एवढंच समजून घ्यायचं होतं की ‘न्यू वेव्ह’ वाईट होतं म्हणून पडलं, की पोचलंच नाही म्हणून.

बेसूर ताई

मी लाइव्ह साउंड करते, सुरेश भट सभागृहातही केलंय, मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीतही. माझं मत: दोन्ही नाही. त्यात घरी नेण्यासारखं काही नाही.

तू स्वतः वाजवतोस, तुला माहीत आहे. मारबतीला गाडी इतवारीत शिरली की पहिली दोन मिनिटं लोक नुसते बघतात. कीबोर्डवाल्याने सनईच्या आवाजात ओळखीची ओळ काढली रे काढली की अख्खा चौक उसळतो. ठेका आधीपासून तोच असतो. ‘डा फंक’मध्ये ती ओळ आहे, तोंडाने गुणगुणता येते, माझा सहा वर्षांचा भाचा गुणगुणतो. शिवाय वेग मिनिटाला १११ ठोक्यांच्या आसपास, हाउस या क्लबमधल्या नाचाच्या संगीताच्या मानाने निवांत. त्या दिवसांत ते अमेरिकेच्या वॉरन जीचं हिप-हॉप ऐकत होते, ती चाल त्यात उतरली आहे. ‘न्यू वेव्ह’ मात्र अंधाऱ्या हॉलमध्ये पहाटे तीनला चालणारं. ते दुकानातल्या काउंटरवर ऐकून कोण घेणार? वाजवणाऱ्यानेच ते दुसऱ्या दोन रेकॉर्डच्या मधे बसवावं लागतं.

आता तुझा ट्रॅक. लिंक प्रोफाइलवर होती, ऐकला. स्टुडिओच्या स्पीकरवर, दोनदा.

कमेंटवाला खोटं नाही बोलला. तुझ्या ट्रॅकमध्ये खरंच कूलर आहे. पहिल्या सेकंदापासून ५० हर्ट्झची हम, म्हणजे विजेची घरघर, आहे, वर १०० ला तिची बहीण. किक वाजते तेव्हा झाकली जाते, मधे किक थांबते तिथे उघडी पडते, म्हणजे नेमकी तुझ्या सगळ्यात चांगल्या जागी. पॅड रेकॉर्ड करताना लॅपटॉपला चार्जर लावला होतास का?

खामल्याचा बोका

ताई, दंडवत.

ऑक्टोपॅडवाला

चार्जर लावलाच होता. माझ्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटंही टिकत नाही, काढणार कसा! दिवसभर लोकांच्या फोनची बॅटरी बदलतो अन् घरी हे.

आज दुकान बंद केल्यावर करून पाहिलं. बॅटरी फुल केली, चार्जर काढला, परत पॅड वाजवलं. शांत. एकदम शांत, इतकं की आधी वाटलं जॅकच निघाला. मग चार्जर परत लावला: घूंऽऽ. काढला: गायब. आईने आतून विचारलं, काय करून रायला रे मघापासून.

अठरा मिनिटांत सगळं परत वाजवून घेतलं. सतराव्या मिनिटाला स्क्रीन मंद झाली, म्हणून शेवटचा फिल (ठेक्यातली भरणी) थोडा घाईत गेलाय. मधल्या जागेत सनईच्या टोनमध्ये चार सुरांची ओळ टाकली आहे. कीबोर्डवाला म्हणतो, येत्या वरातीत टेस्टिंगच्या वेळी वाजवू, मालकाला सांगायचं नाही.

जुना व्हिडिओ उडवला नाही. त्या कमेंटला उत्तर दिलं: ‘हो भाऊ, चार्जर होता.’ नव्याला नाव दिलंय ‘फायनल मिक्स’. व्ह्यूज सध्या ९.

बेसूर ताई

९ मधले २ माझे. फिल घाईतलाच राहू दे. आणि जुनी बॅटरी बदल बे आता.