हेडिंग्लेतलं ते बुरुजवालं दगडी बांधकाम कसलं आहे?

नवा_लीड्सकर
नमस्कार मंडळी. लीड्सला येऊन चार महिने झाले, हेडिंग्लेत भाड्याने राहतोय. रोज कार्डिगन रोडवरून जाताना घरांच्या रांगेत मधेच एक दगडी बांधकाम दिसतं, दोन बुटके गोल बुरुज, वर किल्ल्याच्या तटाला असतात तशा चर्या, आणि मागे काहीच नाही. किल्ला म्हणावा तर फारच छोटा, देऊळ-चर्चही वाटत नाही. शेजारच्यांना विचारलं तर ते पण नवीनच. कोणाला माहितीये का?

दुसरं म्हणजे पुढच्या महिन्यात बाबा येतायत. त्यांना इथलं क्रिकेट स्टेडियम बघायचंच आहे, पण ते इतिहासात रमणारे आहेत, नुसतं ग्राउंड दाखवून भागणार नाही. जवळपास चालत बघण्यासारखं काय आहे? गुडघे थोडे दुखतात त्यांचे, त्यामुळे चढ असेल तर आधीच सांगा.

ओकतळी
ते अस्वलाचं घर आहे, इथे बेअर पिट म्हणतात. १८४० मध्ये तिथे लीड्सची प्राणी आणि वनस्पती बाग सुरू झाली, चांगली मोठी, भिंतीआड. मधे एक गोल खड्डा, त्यात अस्वल आणि बुरुजात चढून लोक वरून बघायचे. पण बाग चाललीच नाही. हेडिंग्ले तेव्हा गावाबाहेर, यायला जायला सोय नाही, शिवाय रविवारी उघडी ठेवायची की नाही यावरून वाद. आता कामगाराला सुट्टी रविवारीच, त्याने यायचं तरी कधी? मालक बदलून बघितला तरी १८५८ पर्यंत सगळं बंद. जमिनीवर बंगले झाले, रस्ते झाले, अस्वलाचं घर तेवढं राहिलं. मला त्या जागेपाशी थांबलं की त्या अस्वलाचंच वाईट वाटतं, एवढ्याशा गोल खड्ड्यात आयुष्य.

आणि बाबांना ओकची जागा नक्की दाखवा. चर्चजवळ ओटली रोडच्या दोन बाजूंना दोन पब आहेत, एक ओरिजिनल ओक, दुसरा स्कायरॅक. दोन्ही नावं एकाच झाडाची. इथे एक प्रचंड जुना ओक होता, शायर ओक, त्याच्याखाली म्हणे पूर्वी सगळ्या परिसराची सभा भरायची. आपल्याकडे परगणा असायचा तसा इथे वॅपनटेक, आणि इथल्या वॅपनटेकचं नावच स्कायरॅक, म्हणजे शायर ओकचंच जुनं रूप. झाड शेवटी १९४१ च्या मे महिन्यात कोसळलं. ओरिजिनल ओकच्या भिंतीवर पाटी आहे. फक्त शनिवारी दुपारी जाऊ नका, ओटली रनवाली पोरं वेषांतर करून एकेक पब करत खाली येत असतात, तेव्हा पाटी वाचायला उभं राहणं अवघड.

लेगकटर
वरच्या प्रतिसादाला +१. स्टेडियमबद्दल मी लिहितो, कारण तिथे बाबांना गाईड लागणारच नाही, तेच तुम्हाला सांगतील. १८९० चं ग्राउंड, पहिली टेस्ट १८९९. ब्रॅडमनचे ३३४ आणि ३०४ दोन्ही इथलेच. पण आपल्या दृष्टीने १९५२ ची भारत-इंग्लंड टेस्ट. पहिल्या डावात ४२ ला ३ असताना विजय मांजरेकर आणि हजारे यांनी २२२ जोडल्या, मांजरेकर १३३. आणि दुसऱ्या डावात शून्यावर चार विकेट! पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि पहिल्या डावात शतक ठोकणारे तेच मांजरेकर. समोर इंग्लंडचा फास्ट बॉलर ट्रूमन, पहिलीच टेस्ट त्याची. त्यातनं हजारे आणि फडकर यांनी डाव सावरला हे लोक विसरतात, १६५ पर्यंत गेलो आपण.

मग १९८६ ला वेंगसरकर, ६१ आणि नाबाद १०२, इंग्लंडचा पहिला अख्खा डाव १०२ चा. आणि १९९२ ला १९ वर्षांचा सचिन यॉर्कशायर काउंटी संघाचा पहिला परदेशी खेळाडू. त्याआधी यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्यांनाच घ्यायची परंपरा होती, त्या ड्रेसिंग रूममध्ये तो पोरगा गेला हे अजूनही मला ग्रेट वाटतं.

गिनलवाली
मी इथे बरीच वर्षं आहे म्हणून हक्काने सांगते, एक अख्खा दिवस कर्कस्टॉल ॲबीला द्या. स्टेडियमपासून कर्कस्टॉल लेनने खाली उतरायचं, अर्धा तास धरा. जाताना उतार आहे पण येताना तोच चढ, तेव्हा परतताना बस घ्या, गुडघ्यांवर ताण नको.

सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ आहे, १९५२ नाही हं, ११५२ चा :) आधी ते बार्नोल्ड्सविकला होते, तिथे जमलं नाही म्हणून इथे एअर नदीकाठी आले. आठव्या हेन्रीने मठ बंद केले त्यात १५३९ ला हाही गेला. त्यानंतर छप्पर गेलं, दगड लोकांनी नेले, १७७९ ला मनोऱ्याचा भाग कोसळला. तरी भिंती इतक्या उभ्या आहेत की आत गेल्यावर मान वर करूनच चालावं लागतं.

पण मला सगळ्यात आवडते ती गोष्ट वेगळीच. १८२७ पर्यंत मुख्य रस्ता या मठाच्या चर्चच्या मधून जायचा. शेजारून नाही, आतून! गाड्या, घोडे, गुरं, सगळं खांबांच्या दोन रांगांमधून. मग रस्ता बाजूला वळवला, आज बस जाते तो. १८८९ मध्ये कर्नल नॉर्थ यांनी जागा विकत घेऊन शहराला दिली म्हणून आपण आज गवतावर बसून डबा खातो. रस्त्याच्या पलीकडे मठाचंच जुनं प्रवेशद्वार, तिथे आता ॲबी हाउस म्युझियम आहे, आत व्हिक्टोरियन काळच्या गल्ल्या उभ्या केल्यात.

संध्याकाळी दम असेल तर हाइड पार्क पिक्चर हाउस. १९१४ चं थिएटर, आत अजून गॅसचे दिवे लावतात. जाताना मोठ्या रस्त्याने न जाता गिनलमधून जा, म्हणजे घरांमधल्या चिंचोळ्या वाटा, इथे हाच शब्द. बाबांना बॅक टू बॅक घरं पण दाखवा, पाठीला पाठ लावून बांधलेली, मागचं दार नाही, परसू नाही. बंदी येऊनही लीड्समध्ये ती १९३७ पर्यंत बांधत होते.

नवा_लीड्सकर
सगळ्यांचे मनापासून आभार. अस्वलाचं घर हे मी सात जन्मात ओळखलं नसतं. काल संध्याकाळी मुद्दाम ॲबीला जाऊन आलो. गिनलवाली ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून खांब नीट बघितले, तर हात पोचेल एवढ्या उंचीवर जुनी नावं कोरलेली आहेत, झिजलेली, बोट फिरवलं की जास्त कळतात. बाबांना फोनवर रस्त्याचं सांगितलं तर म्हणाले, स्टेडियम दुसऱ्या दिवशी, आधी तिकडे जाऊ.

लेगकटर, १९५२ चं विचारलं त्यांना. चारही नावं क्रमाने सांगितली.