ड्रॉ.आयओ (डायग्राम काढायचं सॉफ्टवेअर) मध्ये रंग-फॉन्ट एकदाच सेट करता येतात का? (सोसायटीच्या पाणी लाइनचा डायग्राम)

खाडीकाठ_ऐरोली:
आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या लाइनचा डायग्राम करतोय, मेन लाइन, खालची टाकी, पंप, गच्चीवरच्या टाक्या आणि मधले सगळे व्हॉल्व्ह, वॉचमन आणि प्लंबरला बघितल्या बघितल्या कळायला पाहिजे कुठला बंद करायचा, म्हणून सगळी नावं मराठीतच हवीत. पण प्रत्येक नवीन बॉक्स पांढराच येतो, परत रंग द्या, फॉन्ट द्या, साइज द्या. नाव मोठं असलं की बॉक्सच्या बाहेर जातं. आणि एसव्हीजी (चित्राच्या फाइलचा एक प्रकार) करून वर्डमध्ये टाकलं की नावं गायब, त्या जागी काहीतरी इंग्लिश मेसेज. प्लीज कोणीतरी सांगा.

वागळेवाला:
एक बॉक्स मनासारखा करून घ्या, तो सिलेक्ट ठेवून कंट्रोल शिफ्ट डी दाबा, पुढचे सगळे तसेच येतील. आधी काढलेले मात्र त्याने बदलत नाहीत, त्यांच्यासाठी चांगल्या बॉक्सवर कंट्रोल शिफ्ट सी आणि मग बाकीचे सिलेक्ट करून कंट्रोल शिफ्ट व्ही, नुसती स्टाइल जाते, नाव जसंच्या तसं राहतं. बाणांचं डिफॉल्ट वेगळं असतं, एका बाणावर हेच परत करा. बाहेर जाणाऱ्या नावासाठी उजवीकडे टेक्स्ट टॅबमध्ये वर्ड रॅप ऑन करा.

नेरुळची_ताई:
तो वर्ड रॅपच एसव्हीजीत नडतो दादा. वर्ड रॅप किंवा फॉर्मॅटेड टेक्स्ट ऑन असलं की ड्रॉ.आयओ अक्षरं एचटीएमएल (वेबपेजचा कोड) म्हणून आत ठेवतं, ब्राउझरला ती दिसतात, बऱ्याच बाकीच्या प्रोग्रॅमना नाही. एसव्हीजीच हवं असेल तर दोन्ही बंद करा आणि ओळ हाताने एंटर मारून तोडा. पण नोटीस बोर्डावर लावायचंय तर कशाला एवढा त्रास, पीएनजी (साधी इमेज) काढा, एक्सपोर्ट करताना झूम १०० चा ३०० करा म्हणजे प्रिंट फुटणार नाही. फॉन्टच्या यादीत कस्टम मध्ये जाऊन गुगल फॉन्टचा मुक्ता घ्या, आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलाय, बारीक साइजलाही जोडाक्षरं नीट वाचता येतात.

वागळेवाला:
हे बरोबर, मी एसव्हीजीचा विचारच नव्हता केला. रंगांचं पण बघा, दिसायला छान म्हणून देऊ नका, एक रंग म्हणजे एकच गोष्ट. कारखान्यात आम्ही पाइप आयएस २३७९ (पाइपच्या रंगांचं भारतीय मानक) प्रमाणे रंगवतो, पाण्याला सी ग्रीन, फायरच्या म्हणजे आग विझवायच्या लाइनला लाल, प्लंबर लोकांच्या पण डोळ्यात ते बसलेलं असतं, तेच ठेवा. आणि हा कागद झेरॉक्स होणारच, तिथे लाल हिरवं दोन्ही करडं दिसतं, म्हणून फायरची लाइन स्टाइल टॅबमधून डॅशवाली पण करा.

खाडीकाठ_ऐरोली:
मस्त! पीएनजी ३०० वर एकदम क्लिअर आलं आणि डॅशमुळे झेरॉक्समध्ये पण फायर लाइन वेगळी कळतेय, दोघांना खूप थँक्यू. आता सेक्रेटरी म्हणतात ड्रेनेज पण दाखवा, सगळं एकावर एक येईल ना?

नेरुळची_ताई:
व्ह्यू मेनूत लेयर्स आहे, ड्रेनेज वेगळ्या लेयरवर काढा. तो लपवून पाण्याचं प्रिंट घ्या, मग पाणी लपवून ड्रेनेजचं. इमारतीची बाहेरची लाइन तिसऱ्या लेयरवर ठेवून लॉक करा, नाहीतर व्हॉल्व्ह हलवताना तीच सरकते.