पुस्तक लिहून झालंय, आता पुढे काय? बडोद्यातल्या लोकांनी सांगा प्लीज

दांडियाबाजारची_सून:
नमस्कार मंडळी. सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होत्या, तेव्हा दुपारी मी त्यांच्याजवळ बसून त्यांचं बोलणं वहीत उतरवून घ्यायचे. वाड्यातलं घर, गणपतीचे दिवस, संध्याकाळी सुरसागर तळ्यावर फिरायला जाणं, कोणत्या सणाला काय रांधायचं, कोणाशी कशावरून अबोला झाला, सगळं. आता त्या नाहीत. ते सगळं टाइप केलं तर १७० पानं झाली आणि मला खरंच वाटतंय की याचं पुस्तक व्हावं.

एका प्रकाशकांना पाठवलं होतं. त्यांनी अमुक रक्कम भरा म्हणून सांगितलं आणि नमुना म्हणून दहा पानं तपासून पाठवली, त्यात सासूबाईंचा "ओटला" खोडून "ओटा" केलेला आणि "हिंचका" खोडून "झोपाळा". अहो, आमच्या घरात झोपाळा कोणी म्हणालंच नाही कधी! ती पानं बघून मला रडू आलं.

घरात मराठी वाचणारे आम्ही दोघंच. मिस्टर वाचतात पण प्रत्येक वेळी "छान आहे" एवढंच म्हणतात. मुलगी गुजराती मिडियमची, तिला वाचून दाखवावं लागतं. तर विचारायचं हे की तुमच्यापैकी कोणी पुस्तक काढलंय का, कोणाकोणाची मदत घेतली, आणि मुळात मदत मागायची कशी? लोकांना असं नको वाटायला की ही आपल्या गळ्यात पुस्तक मारतेय.

मांडवीचा_वाचक:
ताई, आधी ओटला परत घ्या. तो शब्द बडोद्याचाच आहे, तो गेला तर सासूबाईच गेल्या पुस्तकातून.

मी माझ्या आजोबांच्या नोकरीच्या आठवणी छापल्या, पाचेक वर्षं झाली. आपलं गाव तसं पुस्तकांचंच, १९०९, १९२१, १९३४ आणि मग २०१८, चार साहित्य संमेलनं झालीत इथे, सयाजीराव महाराजांनी तर १९१० मध्ये बोर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावून गावोगाव लायब्ऱ्या उभ्या केल्या. पण माझं पुस्तक उभं राहिलं ते आमच्या पोळमधल्या, म्हणजे गल्लीतल्या, सात माणसांमुळे. दर रविवारी चार वाजता आमच्याकडे जमायचे, मी एक प्रकरण मोठ्यानं वाचायचो, चहा, लीलो चेवडो आणि मग बोलायचं. पहिल्या दोन रविवारी सगळे छान छान म्हणाले. तिसऱ्या रविवारी समोरच्या काकू, वय ८० च्या पुढे, मध्येच हात वर करून म्हणाल्या, "थांब. तू म्हणतोस आजोबा घरी आले आणि जेवायला बसले. पाय धुतल्याशिवाय? तुझ्या आजीनं आत येऊ दिलं असतं का?" आणि मग त्यांनी सांगितलं दारातलं घंगाळ कुठे असायचं, पाणी कोण भरून ठेवायचं, सुनेनं पंचा कुठे धरायचा. त्या एका वाक्यातून माझी चार पानं झाली आणि पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं तीच आहेत.

म्हणून सांगतो, पुस्तक घ्या असं म्हणून लोकांकडे जाऊ नका, ऐकायला या म्हणा, ऐकलेलं पुस्तक माणूस आपोआप आपलं मानतो. आणि सालं, जागांची नावं याबद्दल शंका असेल तर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत एक दिवस जाऊन बसा, मराठी पुस्तकं आहेत तिथे.

खिळे_जुळवणारा:
मी ३५ वर्षं छपाईच्या धंद्यात काढली, त्यामुळे कामाचं तेवढं बोलतो. ताई, तुम्ही टाइप कशात केलंय? जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये करून घेणार असाल तर रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात. "पुऱ्या"चं "पुर्या" होतं, आणि तुमच्या पुस्तकात तर पुऱ्या पानोपानी असणार. कॉम्प्युटर हे पकडत नाही, डोळेच लागतात, आणि लिहिणाऱ्याचे डोळे तर अजिबात चालत नाहीत कारण त्याला छापलेलं दिसत नाही, मनातलं दिसतं. कमीत कमी दोन माणसं बघा, एकानं मूळ वही मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रूफ बघायचं, रोज २० पानांच्या वर नाही. निवृत्त मराठी शिक्षिका ओळखीत असतील तर त्यांना विचारा, आनंदानं करतात. पण आधीच एक कागद करून द्या, हे हे शब्द बडोद्याचे, यांना हात लावायचा नाही.

बाकी, छपाई १६ पानांच्या फॉर्मवर चालते, १७० ची १७६ करा म्हणजे बरोबर ११ फॉर्म, उरलेल्या पानांत वाड्याचे फोटो घाला. शंभरेक प्रती हव्या असतील तर डिजिटल, तीनशेच्या पुढे गेलात तरच ऑफसेट परवडतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, स्वतःच्या नावानं ऑनलाइन मिळतो, सरकार त्याचे पैसे घेत नाही, कोणी मागितले तर देऊ नका.

रामबाग_इंदूर:
इंदूरहून लिहितेय. वरचं सगळं पटतंय पण एक काळजी वाटते म्हणून सांगते. माझ्या कथासंग्रहाला आमच्या भिशीच्या ग्रुपनं भरभरून साथ दिली, हॉल, हार, पेढे, दीडशे माणसं प्रकाशनाला. पण छापायच्या आधी एकीनंही सांगितलं नाही की तीन कथा एकसारख्या आहेत. माया होती ना सगळ्यांची, कोण दुखावणार! ते मला छापून झाल्यावर एका अनोळखी वाचकाच्या पत्रातून कळलं आणि आजही ते पुस्तक हातात घेतलं की त्या तीन कथांपाशी जीव थोडा थोडा होतो. तेव्हा ताई, एक तरी वाचक असा धरा ज्याच्याकडे तुमचं जाणं-येणं नाही. त्याला फक्त एवढंच विचारा, कुठे कंटाळा आला तिथे पेन्सिलीनं रेघ मारा.

आणि पैशाचं म्हणाल तर प्रकाशनपूर्व सवलत ठेवा, त्यात संकोच कसला, मराठीत ही जुनीच पद्धत आहे. मी ७० जणांकडून आधी पैसे घेतले होते, वहीत प्रत्येकाचं नाव आणि रक्कम, छपाईला उशीर झाला तेव्हा प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगितलं. एकानंही परत मागितले नाहीत.

दांडियाबाजारची_सून:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं. इंदूरच्या ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलंच, दिवाळीवर माझी दोन प्रकरणं आहेत आणि बहुतेक ती एकच आहेत. काका, टाइप युनिकोडमध्येच केलंय, पण पुऱ्या आज रात्रीच तपासते.

दुपारी सासूबाईंच्या मैत्रिणीला फोन केला, त्या आता वारसियाला मुलाकडे असतात. म्हटलं रविवारी येता का, मम्मींचं लिहिलेलं वाचून दाखवायचंय. थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "येते. पण तिनं माझ्या लग्नातल्या भांडणाचं सांगितलं असेल ना, तर ते आधी वाच, तिला अर्धंच माहीत होतं."