मदत हवी आहे : रिव्हॉल्व्हरचे प्रायमर पेटत नाहीत आणि मधेच सिलिंडर अडकतो

कातरखटाव
नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये असतो. आयकोर या रिव्हॉल्व्हर-नेमबाजी संघटनेच्या मॅचेससाठी स्मिथ अँड वेसन ६८६ वापरतो. योक (सिलिंडर ज्यावर बाहेर येतो तो हात) उघडून आतला नंबर पाहिला तर ६८६-६ आहे. सहा इंची बॅरल, सहा गोळ्यांचा सिलिंडर, मून क्लिप (सहाही काडतुसं एकत्र धरणारी पातळ चकती) बसावी म्हणून मागून कापलेला. सेकंडहँड आहे. आधीच्या मालकाने ट्रिगर हलका करून घेतला होता आणि हॅमरचं (अंगठ्याने मागे ओढायचं) शेपूटही उडवलं होतं.

तक्रारी दोन. एक, साधारण तीस गोळ्यांत दोन तरी उडत नाहीत, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातली, फटक्याने पेटणारी वाटी) खळगा दिसतो पण उथळ. दोन, साठ-सत्तर गोळ्या झाल्या की ट्रिगर जड होत जातो, आणि मग लॅच पुढे ढकलली तरी सिलिंडर बाहेर येत नाही.

काडतुसं .३८ स्पेशल, घरी भरलेली, १५८ ग्रेनची कोटेड शिशाची गोळी, प्रायमर सीसीआय ५००. डबल ॲक्शनला (हॅमर हाताने न ओढता, नुसत्या ट्रिगरने) ट्रिगरचं वजन गेजवर साडेसात पाउंड. सरळ फॅक्टरीची मेनस्प्रिंग (हॅमरला जोर देणारी) टाकून मोकळं व्हावं का?

ह्यूस्टनचा_बंड्या
साडेसात पाउंड आणि सीसीआय ५००? जमायचं नाही. हलक्या ॲक्शनला फेडरल १०० प्रायमर. सगळ्यात मऊ फेडरल, मग विंचेस्टर, सीसीआय त्यांच्या मानाने कडक. मिळेल तिथून फेडरल उचला.

टूलरूम_भोसरी
बंड्याभाऊंचं बरोबर आहे, पण प्रायमर बदलून खरा दोष झाकला जाईल. स्प्रिंगही इतक्यात बदलू नका. हॅमरमधली ताकद कमी आहे, की आहे ती वाटेत कुठेतरी मुरते आहे, हे आधी ठरवा.

कातरखटाव, दोन गोष्टी सांगा. न उडालेली गोळी पुन्हा सिलिंडरच्या त्याच घरात (काडतूस बसतं त्या भोकात) ठेवून मारली तर उडते का? आणि दर वेळी एकाच घरातली राहते, की कुठलीही? मार्करने सिलिंडरवर १ ते ६ आकडे टाका आणि लिहून ठेवा.

दुसऱ्या फटक्याला उडत असेल तर पहिला संशय प्रायमर पूर्ण न बसल्याचा. पहिला फटका प्रायमर तळाला बसवण्यातच खर्च होतो, दुसरा तो पेटवतो. प्रायमर केसच्या बुडाच्या पातळीपेक्षा ३ ते ५ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत हवा. बोट फिरवल्यावर खळगा जाणवायला हवा. समपातळीत लागला तर तो बसलेलाच नाही. प्रायमरच्या खाचेत जुनी काजळी असेल तर प्रेस कितीही दाबा, तो आत जात नाही.

एकाच घरातली राहत असेल तर सिलिंडर किंवा रॅचेट (सिलिंडरच्या मागचे दाते) बघायचं. एकाच क्लिपमधल्या राहत असतील तर ती क्लिप वाकलेली आहे. काचेवर ठेवली की डुगडुगते, लगेच कळतं. रिकाम्या पुंगळ्या लावून क्लिप आत टाका, सिलिंडर बंद करा, हॅमर बोटाने किंचित मागे ओढून सिलिंडर हाताने फिरवा. कुठे घासला तर ती क्लिप फेकून द्या, सरळ करत बसू नका. आणि केस एकाच कंपनीच्या घ्या. बुडाच्या वरची खाच प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे एका क्लिपमध्ये एक ढिली आणि एक घट्ट असा प्रकार होतो.

नेमबाज_ताई
मॅचमध्ये गोळी उडाली नाही की आपण परत ट्रिगर दाबतो आणि पुढचं घर येतं. तपासणी करताना मात्र तसं करू नका. नळी समोर ठेवून तीस सेकंद थांबायचं, मग उघडायचं. आवाज नुसता फुस्स आला तर गोळी नळीत किंवा नळी आणि सिलिंडरच्या मधे अडकली असू शकते. तिथेच थांबा आणि नळीतून आरपार दिसतं का ते बघा.

कातरखटाव
टूलरूमदादा, न उडालेल्या बहुतेक दुसऱ्या फटक्याला उडतात. घर ठरलेलं नाही, क्लिपही नाही. काडतुसं पट्टी लावून पाहिली, दहांत दोन प्रायमर समपातळीत आहेत. पण नीट बसलेल्याही राहतात, म्हणून गोंधळ आहे.

टूलरूम_भोसरी
म्हणजे दोष एकाहून जास्त आहेत. समपातळीतली काडतुसं बाजूला काढा, ती मॅचला नेऊ नका. भरलेल्या काडतुसाचा प्रायमर परत दाबायचा नाही, घाई असली तरी नाही.

आता बंदुकीकडे. सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे बघा, बोट घालून पुन्हा बघा. जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिलं ग्रिप काढा. ग्रिपच्या पुढच्या कडेला खाली एक स्क्रू आहे, त्याला स्ट्रेन स्क्रू म्हणतात. तो मेनस्प्रिंगच्या पट्टीला दाबून वाकवतो. तो शेवटपर्यंत कसलेला असलाच पाहिजे. ट्रिगर हलका करायला काही जण तो अर्धा फेरा सैल ठेवतात, आणि प्रत्येक धक्क्याला तो आणखी बाहेर सरकतो. दुसरी आवड म्हणजे त्याचं टोक घासून आखूड करणं. मग तो घट्ट असूनही स्प्रिंगवर दाब कमीच. तुमच्या स्क्रूचं टोक कानशीने सपाट केलेलं दिसतं का बघा. नवा स्क्रू स्वस्त मिळतो. तो येईपर्यंत वापरलेल्या प्रायमरची वाटी टोकावर टोपीसारखी बसवून तपासणी करता येते. जुनी युक्ती आहे, कायमचा उपाय नाही.

दुसरं, सिलिंडरचा पुढे-मागे प्ले, म्हणजे एंडशेक. सिलिंडर बंद करा, मागे दाबून धरा, नळी आणि सिलिंडरच्या मधे फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचं माप) घाला. मग पुढे दाबून पुन्हा घाला. दोन आकड्यांतला फरक म्हणजे एंडशेक. एक ते दोन थाउ चांगला. चार-पाच झाला तर फायरिंग पिनचा फटका आधी काडतुसासकट सिलिंडर पुढे ढकलतो आणि उरलेला जोर प्रायमरला मिळतो. उशीवर खिळा ठोकल्यासारखं होतं.

जुनंपुराणं
या मॉडेलचा एक इतिहास इथे नोंदवून ठेवतो, कारण सेकंडहँड घेणारे इतरही वाचतील. ६८६ आणि ५८६ या एल-फ्रेम (कंपनीच्या एका मधल्या आकाराच्या सांगाड्यावरच्या) बंदुका १९८० च्या सुमारास आल्या. १९८७ मध्ये कंपनीने नुसत्या ६८६ आणि ६८६-१ परत बोलावल्या होत्या. प्रायमरचा धातू फायरिंग पिनच्या बुशिंगमध्ये वाहून सिलिंडर अडकायचा. दुरुस्त केलेल्या बंदुकीवर मॉडेल नंबरच्या मागे एम ठोकलेला असतो. तुमची -६ आहे, म्हणजे पिन हॅमरवर नाही, फ्रेममध्ये आहे. तुम्हाला ही भानगड लागू नाही. पण कुणी जुनी घेत असेल तर आधी योक उघडून एम शोधा.

ओहायोकाका
दुसऱ्या तक्रारीकडे कुणी बघितलंच नाही. लॅच ढकलून सिलिंडर उघडत नाही याचं पहिलं कारण इजेक्टर रॉड (पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा) सैल होणं. रॉड स्क्रूसारखा निसटत पुढे येतो आणि पुढच्या लॉकिंग बोल्टला कायमचा रेटून धरतो. आधी ट्रिगर जड लागतो, मग उघडणं बंद. तुमची लक्षणं तंतोतंत हीच.

रॉडचे आटे डावे आहेत. नळीच्या तोंडाकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरवला की घट्ट होतो. रेंजवर अडकला तर नळीखालच्या खोबणीतून रॉड बोटांनी धरून तसाच फिरवा, बहुतेक वेळा उघडतो. हातोडीने सिलिंडर ठोकू नका, योक वाकतो. तो सरळ करणं हे चांगल्या गनस्मिथचं काम.

घरी कसताना सहाही घरांत रिकाम्या पुंगळ्या घाला, नाहीतर सगळा पीळ एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीवर (पुंगळ्या उचलणारी चकती) येतो. रॉड ड्रिलच्या चकमध्ये किंवा पितळी जबड्यात धरा, पक्कडीने धरलात तर वाकडा होणारच. आटे तेल काढून कोरडे करा, निळ्या लॉकटाइटचा (आटे सुटू न देणारा गोंद) एक थेंब, एक दिवस तसंच ठेवा. लाल वापरू नका, पुढच्या वेळी उष्णता द्यावी लागेल.

चांदणीच्या खालीही बघा. न जळलेल्या पावडरचे दोन दाणे तिथे अडकले तरी सिलिंडर घासतो. पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे ठेवून रॉडवर तळहात मारा. नळी खाली ठेवून काढल्यात तर कचरा बरोबर चांदणीखाली जाऊन बसतो. टूथब्रश खिशात ठेवा.

कातरखटाव
सगळ्यांचे आभार. मापं अशी :
स्ट्रेन स्क्रू घट्ट आहे, पण टोक घासलेलं आहे.
सिलिंडर मागे दाबला असता ९ थाउ, पुढे दाबला असता ४ थाउ.
इजेक्टर रॉड बोटांनी जवळजवळ पाव फेरा फिरला.
एंडशेकसाठी शिम (पातळ वॉशर) मिळतात असं वाचलं. घरी टाकता येतील का? आणि किती?

टूलरूम_भोसरी
एंडशेक पाच थाउ, म्हणजे २ थाउच्या दोन शिम. उरेल एक थाउ. त्यानंतर नळी आणि सिलिंडरमधली गॅप पुढे ८ आणि मागे ९ होईल. थोडी मोठी आहे, पण चालेल. शिवाय सध्याच्या ४ थाउवर कोटेड गोळीची काजळी सिलिंडरच्या तोंडावर साचून नळीला घासत असणार, तीही कटकट जाईल.

पद्धत : साइडप्लेटचा (फ्रेमच्या बाजूचं झाकण) सगळ्यात पुढचा स्क्रू काढा, योक तोच धरून ठेवतो. नव्या बंदुकांत त्यात स्प्रिंग आणि छोटा प्लंजर असतो, उडून जातो, म्हणून ट्रेवर काम करा. सिलिंडर उघडून योक पुढे ओढला की दोन्ही बाहेर येतात. पुंगळ्या घालून रॉड उघडा, डावे आटे विसरू नका. मग योक सिलिंडरमधून निघेल. आतल्या स्प्रिंगा आणि बारीक दांडा ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडा, फोटो काढा. योकच्या नळीचं टोक सिलिंडरच्या आत जिथे टेकतं तिथे शिम ग्रीसच्या ठिपक्याने चिकटवा.

टोक ठेचून पसरलेलं किंवा तिरकं झालेलं दिसलं तर शिम टाकू नका. आधी ते फेसिंग कटरने सपाट करावं लागतं. कटर नसेल तर गनस्मिथकडे द्या. तिरक्या टोकावर शिम काही शे गोळ्यांत चुरगळते.

बसवल्यावर टायमिंग तपासा. सिलिंडरला बोटाचा हलका ब्रेक लावून ट्रिगर अगदी सावकाश दाबा. हॅमर पडायच्या आधी सिलिंडर स्टॉप खाचेत पडल्याचा टिक आवाज आला पाहिजे, सहाही घरांना. एखाद्याला उशीर झाला तर हँड (सिलिंडर फिरवणारी पट्टी) बदलायचा. नवे हँड थोडे जाड मिळतात, फ्रेममधल्या खिडकीत बसेल इतके घासून बसवतात. ते घरी करू नका.

ह्यूस्टनचा_बंड्या
आणि लांब फायरिंग पिन? सगळे टाकतात.

टूलरूम_भोसरी
टाकतात, उपयोगही होतो, पण सगळ्यात शेवटी. एंडशेक पाच थाउ असताना लांब पिन टाकली तर लक्षण जाईल आणि सिलिंडर आपटत राहील. एक काम मात्र करा. साइडप्लेट उघडाल तेव्हा पिनच्या भोकात तेलाचा चिकटा आहे का बघा, पिन आणि तिची स्प्रिंग कोरडी स्वच्छ हवी. प्लेट स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायची नाही. स्क्रू काढा, फ्रेम हातात धरा, ग्रिपच्या दांड्यावर लाकडी मुठीने ठोका, ती आपोआप उचलली जाते. परत लावताना लांबुडका हॅमर ब्लॉक बसला का बघा. तो विसरला तरी बंदूक चालते, म्हणून तर तो विसरला जातो. पण खाली पडली तर उडू नये म्हणूनच तो आहे.

भुसावळ_जंक्शन
भारतातल्या वाचकांसाठी एक. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ मध्ये दुरुस्तीही येते, तिला वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना आहे म्हणून आपल्याकडे हे घरी करायला जाऊ नका, परवानाधारक आर्मररकडेच द्या. मापं घेऊन गेलात तर तोही नीट ऐकून घेतो.

कातरखटाव
शिम, लॉकटाइट, नवा स्ट्रेन स्क्रू झाला. योकचं टोक सरळ होतं. टायमिंग सहाही घरांना बरोबर. ट्रिगर आता पावणेनऊ पाउंड. नीट बसलेल्या सीसीआयवर सलग दोनशे गोळ्या, एकही राहिली नाही आणि सिलिंडर शेवटपर्यंत मोकळा.

एकच उरलं. ट्रिगर आठ पाउंडांवर आणायचा आहे, आणि तो परत यायला मंद वाटतो. भरभर दाबताना कधीकधी मधेच अडतो.

ओहायोकाका
ट्रिगरच्या वजनात दोन स्प्रिंगांचा वाटा असतो, मेनस्प्रिंग आणि रिबाउंड. हॅमरच्या फटक्याला फक्त मेनस्प्रिंग लागते, ट्रिगर परत आणते रिबाउंड. फॅक्टरीची रिबाउंड साधारण १८ पाउंडांची. मागच्या मालकाने बहुतेक ११ ची टाकली आहे. तिच्यामुळे दाबायला हलकं वाटतं, पण वेगात बोट ट्रिगरच्या पुढे पळतं आणि ट्रिगर पूर्ण पुढे यायच्या आत पुन्हा दाबलं जातं. १४ ची टाका. वजन थोडं वाढेल. ते कमी करायचं तर रिबाउंड स्लाइडचा तळ आणि तो फ्रेमवर जिथे सरकतो ती जागा बारीक दगडाने पॉलिश करा. कडा गोल करू नका, आणि हॅमर-ट्रिगरच्या नॉचला (एकमेकांत अडकणाऱ्या खाचांना) दगड लावू नका.

टूलरूम_भोसरी
स्लाइडच्या आत ओव्हरट्रॅव्हल (हॅमर सुटल्यावर ट्रिगर आणखी मागे जाणं) थांबवणारी छोटी दांडी आहे का तेही बघा. ती गरजेपेक्षा लांब असेल तर हॅमर सुटताना नॉचला घासतो आणि फटक्यातला जोर जातो. हॅमर सुटल्यावर ट्रिगर तसाच दाबून धरा आणि हॅमर बोटाने हळूच मागे-पुढे हलवा. कुठे अडलं तर दांडी थोडी थोडी घासत जा, एका वेळी पाच थाउपेक्षा जास्त नाही. आठ पाउंडांवर आलात की मात्र बंड्याभाऊंचं ऐका आणि फेडरल भरा.

ह्यूस्टनचा_बंड्या
पहिल्या प्रतिसादात हेच म्हणत होतो :)
फेडरल मऊ आहेत म्हणून प्रेसवर जपून. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि अडलेला प्रायमर जोर लावून दाबायचा नाही.