पीच ‘पिठूळ’ की ‘चोथट’?

प्रश्न : इकडे न्यू जर्सीत उन्हाळ्यात पीच भरपूर मिळतात. आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये राहिलेला पीच हाताला मऊ लागतो, पण खाताना रसच नाही, नुसता कोरडा लगदा. याला मराठीत काय म्हणावं? ‘पिठूळ’ चालेल का?

प्रतिसाद : आमच्याकडे रस गेलेल्या फळाला चोथा म्हणतात. म्हणून मी ‘चोथट’ म्हणेन.

प्रतिसाद : ‘चोथट’ मला पटत नाही. चोथा उरतो तो रस पिळून निघाल्यावर. इथे रस कुठेच गेलेला नसतो, तो आतच अडकलेला असतो.

फळातल्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन या चिकट पदार्थामुळे. पीच पिकू लागला की त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि पेशीभित्तिकांवर विकरांचं (एन्झाइमांचं) काम सुरू होतं. पेक्टिन मिथिलएस्टरेज हे विकर पेक्टिनवरचे मिथिल गट काढतं, आणि पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज त्या मोकळ्या झालेल्या साखळ्या तोडतं. दोघांचा मेळ बसला की गर रसरशीत होतो. पण पीच २ ते ८ अंश सेल्सिअसला बरेच दिवस राहिला, तर दुसऱ्या विकराचं काम मंदावतं, पहिल्याचं मात्र चालू राहतं. मग न तुटलेल्या लांब साखळ्या कॅल्शियमला धरून जेलीसारखा थर बनवतात आणि पाणी त्यात बांधलं जातं. जुन्या सफरचंदात पेशी न फुटता नुसत्या सुट्या होतात, त्यामुळे तेही पिठासारखं लागतं. कारण अगदी तेच नाही, पण जिभेला जाणवतं ते हेच. म्हणून ‘पिठूळ’च योग्य.

प्रश्न : मग डबाबंद पीच इतका घट्ट कसा? तो पाडाला आलेला असतानाच काढतात का?

प्रतिसाद : नाही, ‘पाड’ हा शब्द तिथे लावू नका. पाडाचा आंबा पूर्ण पिकलेला नसतो. डब्यासाठी वापरतात त्या जातींत पॉलिगॅलॅक्ट्युरोनेजची जनुकंच नसतात किंवा निकामी असतात. असा पीच गोड होतो, वास सुटतो, रंग चढतो, तरी गर विरघळत नाही. त्याला ‘पिकलेला, पण घट्ट’ म्हणावं. पिकणं आणि मऊ होणं आपण बोलताना एकच धरतो, पीचच्या बाबतीत मात्र ते वेगळं ठेवायला हवं.

आणि घट्ट पीच आणलेत तर आधी बाहेर पिकू द्या. मऊ झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत खा.