पीआर हातात आहे, बाबा ७२ वर्षांचे आहेत: बडोदं कायमचं सोडावं का?

दांडिया बाजारची लेक

मंगळवारी कॅनडाच्या पीआरची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याची, कागदपत्रं आली. आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे क्लास, डिग्र्यांची पडताळणी, पोलिसांचा दाखला, सगळं ज्याच्यासाठी केलं ते हातात पडलं, आणि त्या रात्री मी नि नवरा दोघंही न बोलता जेवलो.

वैद्यकीय तपासणीची मुदत संपायच्या आत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, तिथे उतरायचं आहे. मी ३७ वर्षांची, फिजिओथेरपिस्ट. नवरा ३९, केमिकल प्लांटमध्ये प्रोसेस इंजिनिअर. पीआरच्या अर्जात वयाला मिळणारे पॉइंट तिशीपासून घसरायला लागतात आणि पंचेचाळिशीला शून्य होतात, त्यामुळे "पुढे बघू" म्हणून ठेवायची ही गोष्ट नाही. मुलगी ८ वर्षांची आहे.

बाबा दांडिया बाजारातल्या जुन्या घरात एकटे राहतात. आईला जाऊन तीन वर्षं झाली आणि मी एकुलती एक. त्यांना विचारलं की म्हणतात, "जा गं, माझं काय!" त्या "माझं काय"चा अर्थ मला लागत नाही. नवऱ्याला इथला फ्लॅट विकूनच जायचंय. दोन दगडांवर पाय ठेवला की धड कुठलंच होत नाही, असं त्याचं ठाम मत आहे. माझा हात सहीसाठी उचलत नाही. खरं मत सांगा, मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

सुरसागर

ताई, जा. आपण बडोद्याचे मराठी तरी मूळचे इथले कुठे? इथले राजे गायकवाड पुणे जिल्ह्यातल्या दावडीचे. १७३४ पासून बडोदं त्यांच्याकडे राहिलं, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, भटजी, वैद्य आले. सयाजीरावांना १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याहून गादीसाठी आणलं तेव्हा ते १२ वर्षांचे होते. गाव सोडणं आपल्या रक्तात आहे.

बाबांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. आईवडिलांसाठी सुपर व्हिसा मिळतो, एका खेपेला ५ वर्षांपर्यंत राहता येतं. घेऊन जा त्यांना.

समाची बहीण

सुरसागर, हे उदाहरण इथे लागू होत नाही. ती माणसं राज्याबरोबर आली. राजवाड्यात मराठी, कचेरीत ओळखीची माणसं, राहायला वाडा. ताई जाणार आहेत त्या अर्जदार म्हणून. आणि राज्य गेल्यावर काय झालं तेही बघा. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० ला गुजरात झालं. माझे आजोबा मोडीत हिशेब लिहायचे, वडील मराठी शाळेत शिकले, मी गुजराती शाळेत, माझा मुलगा इंग्रजी. मुंबईहून एका रात्रीच्या गाडीवर असताना हे झालं. टोरांटोला किती पिढ्या लागतील?

आता माझं सांगते. माझा भाऊ कॅनडात कॅलगरीला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या विश्वामित्री नदीला पूर आला. धोक्याची पातळी २६ फूट, आणि पाणी ३५ च्याही वर गेलं. आमचा तळमजला बुडाला. आईला दमा आहे. तिला मी आणि शेजारच्या दोन पोरांनी खुर्चीत बसवून वर नेलं. वीज नव्हती. भाऊ तिथून दर पंधरा मिनिटांनी फोन करत होता, रडत होता. त्याला उत्तरं देता देता माझ्या फोनची बॅटरी संपली आणि मग दुधासाठी, औषधासाठी मला कुणालाच फोन करता येईना. भावाला मी दोष देत नाही, त्याचा जीव तुटत होता. पण परदेशी जायचा हिशेब मांडताना पगार, शाळा, हवा सगळं लिहितात, मागे राहणाऱ्या बहिणीचा रकाना कुणी आखत नाही. ताई, तुम्हाला तर बहीणही नाही.

मिसिसागाहून परत

मी २०१६ ते २०२२ कॅनडात होतो, आता पुन्हा बडोद्यात आहे. दोन्ही बाजूंनी भावनेवर चाललंय, म्हणून आधी कागदाचं सांगतो.

पीआर म्हणजे "कायमचं" नव्हे. तो टिकवायला दर ५ वर्षांत ७३० दिवस तिथे राहावं लागतं. बाकीचे दिवस तुमचे. नागरिकत्वासाठी ५ वर्षांत १०९५ दिवस भरावे लागतात, आणि खरी काडीमोड तिथे होते. आपल्या संविधानाचं कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दोन देशांचं नागरिकत्व ठेवू देत नाही. दुसरं घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करायचा. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर येणंजाणं, राहणं, घर घेणं होतं, पण मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर ठेवता येते. म्हणजे तुम्हाला आत्ता जो निर्णय छळतोय तो निदान तीन वर्षं पुढचा आहे. मग फ्लॅट आत्ताच का विकायचा? भाड्याने द्या. भाड्याचं उत्पन्न मात्र तिथल्या कर-विवरणात दाखवावं लागेल, कारण तिथले रहिवासी झालात की जगभरची कमाई सांगावी लागते. भाड्याने दिलेल्या घराची खरेदी किंमत एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर वेगळा फॉर्मही भरावा लागतो, पहिलं वर्ष सोडून.

कामाचं बोलायचं तर, परवाना नसताना स्वतःला "इंजिनिअर" म्हणवून घेता येत नाही. परवाना प्रांताकडून मिळतो. फिजिओलाही पदवीची तपासणी, राष्ट्रीय परीक्षा, मग प्रांताची नोंदणी. हे तुम्ही इथे असतानाच सुरू करा. मी केलं नाही आणि पहिलं दीड वर्ष गोदामात खोकी उचलली. त्या कामाची लाज नाही वाटली, पण त्या दीड वर्षात बायको आणि मी एकमेकांशी फार वाईट बोललो. ते अजून आठवतं.

सुपर व्हिसाबद्दल. मिळतो हे खरं, पण निदान एक लाख डॉलरचा खासगी आरोग्यविमा काढावा लागतो आणि सत्तरीनंतर हप्ता चढतो, जुन्या आजारांना अटी लागतात. माझे वडील आले होते. पहिले आठ दिवस बर्फाचे फोटो काढले. मग एका सकाळी बूट घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "इथे चालत कुठे जायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौथ्या महिन्यात परत आले. ताईंच्या बाबांना घर सोडायचंच नसेल तर व्हिसा असून काय उपयोग?

मुलगी ८ वर्षांची आहे, हे लक्षात ठेवा. आमचा मुलगा सहावीत असताना परतलो, हिंदीने त्याला वर्षभर रडवलं. त्यानंतर उशीर केला असता तर तो आलाच नसता.

कमाटीबागचा

परत येणं हे जणू पुण्यकर्म आहे असं इथे वाटायला लागलंय, म्हणून लिहितो. सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं. करार होता की शिकून झाल्यावर १० वर्षं संस्थानची नोकरी करायची. करार पाळायला ते १९१७ मध्ये परत आले आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून बाहेर काढलं, आणि ते कमाटीबागेत झाडाखाली बसले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून आपण दाखवतो. मी दर १४ एप्रिलला तिथे जातो. येणाऱ्याने परत यावं, हे म्हणण्याआधी शहराने त्याच्यासाठी काय ठेवलंय ते विचारायला हवं.

ही जुनी गोष्ट नाही. दोन वर्षांपूर्वी मी भाड्याने फ्लॅट शोधत होतो. तीन सोसायट्यांत आधी आडनाव विचारलं, मग खाणं विचारलं, मग "साहेबांना विचारून सांगतो". माझी बहीण कॅनडात ब्रॅम्प्टनला घर शोधत होती तेव्हा पगाराची स्लिप आणि क्रेडिट स्कोअर मागितला. तिथेही गोरेकाळे होत असेल, मी भाबडा नाही. पण तिच्या मुलाला आपल्या आडनावाचा अर्थ ठाऊक नाही, आणि तो ठाऊक नसावा असं मला मनापासून वाटतं. ताई, जा.

समाची बहीण

भाऊ, तुमच्या या लिहिण्यापुढे मी वाद घालणार नाही. तुमच्या जागी मीही गेले असते. पण ताईंचं कारण हे नाही. त्यांना इथे कुणी दार बंद केलेलं नाही, त्यांच्यासाठी एक दार उघडं ठेवून कुणीतरी बसलेलं आहे.

कारेलीबागचे काका

पोरी, मी ७४ चा. माझा मुलगा मेलबर्नला. मीही "माझं काय" म्हणालो होतो आणि ते खरं होतं. माझी सकाळची फेरी आहे, खंडेराव मार्केटमधली भाजी आहे, गुरुवारची शेव-उसळ आहे. मला तिकडे नेऊ नका आणि माझ्यासाठी थांबूही नका. माझ्यापायी थांबलेल्या मुलाचं तोंड रोज सकाळी बघायचं मला झेपलं नसतं.

फक्त "काळजी घ्या हं" एवढ्यावर निघू नकोस. बाबांसमोर वही घेऊन बस. रात्री दोनला दवाखान्यात कोण नेईल? ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करेल? बँकेत दुसरं नाव कुणाचं? घराची दुसरी किल्ली कुणाकडे? मी गेल्या वर्षी न्हाणीघरात पडलो. किल्ली समोरच्या बेनकडे होती म्हणून अर्ध्या तासात उचललं.

समाची बहीण

काका, त्या बेनचं वय काय? मुलांचं काम आपण शेजाऱ्यांवर टाकतो आणि त्याला व्यवस्था म्हणतो.

कारेलीबागचे काका

६८. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला आहे. त्यांची किल्ली माझ्याकडे असते.

सुरसागर

सुपर व्हिसाचं मी घाईने लिहिलं. "घेऊन जा" म्हणणं सोपं होतं. बाकी माझं मत तेच आहे, जायला हवं. संधी आली तेव्हा आईच्या मधुमेहाचं कारण सांगून मी राहिलो. आई माझ्या आधीच सावरली होती. कारण माझंच होतं. आज ५१ व्या वर्षी ते कबूल करतो.

दांडिया बाजारची लेक

काल बाबांजवळ वही घेऊन बसले. आधी चिडले, म्हणाले माझं मृत्युपत्र करतेस का. मग चहा झाला आणि स्वतःच सांगायला लागले. दुसऱ्या किल्लीसाठी तीन नावं दिली, त्यातलं एकही आमच्या नात्यातलं नाही. दोघांना मी ओळखतही नव्हते, आणि त्याच घरात मी लग्नापर्यंत २६ वर्षं राहिले. सहीच्या प्रश्नाला मात्र थांबले. तो रकाना कोराच आहे.

फ्लॅट विकायचा नाही, यावर नवऱ्याशी भांडण झालं आणि अजून मिटलेलं नाही. तूर्त इतकंच ठरलंय की फेब्रुवारीत उतरायचं. तिकिटं तिघांची, परतीची दोन. मुलीची परीक्षा मार्चमध्ये आहे. फिजिओच्या पदवीची तपासणी या आठवड्यात सुरू करते.

मिसिसागाहून परत

बरं केलंत. उतरताना मागून येणाऱ्या सामानाची यादी विमानतळावरच कस्टम्सला द्या, दागिन्यांचे फोटो आणि पावत्यांसकट. नंतर नेलंत तरी कर लागत नाही. आणि मुलीला उतरायच्या आधी जाड बूट घेऊ नका, इथे मिळतात ते तिथल्या थंडीत चालत नाहीत.